विश्लेषण : ‘मावशी, वॉरंटी तर घ्यायलाच हवी!’ दुकानातल्या आग्रहामागचं गणित काय? सुट्टीतली नोकरी धरण्याआधी काय विचारावं?

धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा एक विद्यार्थी यंदाच्या उन्हाळी सुट्टीत काम शोधतोय. वय १९, बीएस्सीचं दुसरं वर्ष नुकतंच संपलंय. पुढच्या वर्षाची फी आणि पुस्तकांचा खर्च घरच्यांवर पडू नये, एवढाच त्याचा हिशेब. धुळ्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून त्याला विचारणाही झाली. कूलर-एसीचा सीझन, त्यात लग्नसराई, त्यामुळे दुकानाला दोन महिन्यांसाठी पोरं हवी आहेत. महिन्याला ८ हजार रुपये ‘फिक्स’ आणि गिऱ्हाइकाला विकलेल्या प्रत्येक वाढीव वॉरंटीमागे १५० रुपये.

नोकरी मिळत असूनही हा मुलगा अडखळलाय. कारण गेल्या वर्षी अशाच एका दुकानात काउंटरच्या दुसऱ्या बाजूला त्याची आई बसली होती.

नेमकं काय घडलं होतं?

बहिणीच्या लग्नात आंदण म्हणून फ्रिज द्यायचा होता. मायलेक सकाळच्या एसटीने साक्रीमार्गे धुळ्याला गेले. १८,५०० रुपयांचा फ्रिज पसंत पडला. भाव ठरला, आईने पिशवीतून पैसे काढले आणि खरी विक्री तिथून सुरू झाली. आधी स्टँड, मग स्टॅबिलायझर, मग तीन वर्षांची वाढीव वॉरंटी. विकणारा पोरगा विशीतलाच. प्रत्येक वाक्याआधी ‘मावशी’. पाणी आणून दिलं, खुर्ची दिली, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं. वॉरंटी नको म्हटल्यावर त्याने गॅस लीक झाल्याची, कॉम्प्रेसर जळाल्याची उदाहरणं सांगितली. लेकीच्या सासरी फ्रिज बंद पडला तर कसं दिसेल, हेही सांगून झालं.

घरी आल्यावर मुलाने बिल मांडलं. स्टँड ६००, स्टॅबिलायझर १,९००, वॉरंटी १,७९९. फ्रिज २२,७९९ रुपयांना पडला होता. ठरवलेल्या भावापेक्षा ४,२९९ रुपये जास्त, म्हणजे जवळपास २३ टक्के. आईला विचारलं तेव्हा ती अहिराणीत एवढंच म्हणाली, ‘‘नही म्हनाले लाज वाटनी.’’

मुलाने नंतर फ्रिजच्या कंपनीची माहिती वाचली. त्या मॉडेलला ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेत वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. उन्हाळ्यात गावाकडची वीज कशी वर-खाली होते हे बघता स्टॅबिलायझर अगदीच वाया गेला असं तोही म्हणत नाही. त्याची तक्रार वेगळी आहे : ही माहिती दुकानात कुणी दिली नाही, आणि आईने तीनदा नको म्हटलं ते कुणी ऐकलं नाही.

पण त्याला आणखी एक गोष्ट आठवते. बोलताना तो विक्रेता मध्येमध्ये काचेच्या केबिनकडे बघत होता. आईने वॉरंटीला होकार दिला तेव्हा त्याने आधी सुटकेचा श्वास टाकला आणि मग बिल फाडलं. आता त्याच जागी उभं राहण्याची नोकरी या विद्यार्थ्याकडे चालून आली आहे.

सांगणं कुठे संपतं आणि गळ्यात मारणं कुठे सुरू होतं?

या मुलाची व्याख्या सोपी आहे. गिऱ्हाइकाला जे माहीत नाही ते सांगणं म्हणजे विक्री. गिऱ्हाइकाने ऐकून, समजून नाही म्हटल्यावरही थांबायचं नाही, याला गळ्यात मारणं म्हणायचं. दोन्हींमध्ये बडबड तेवढीच असते, म्हणून बाहेरून फरक कळत नाही.

बाजाराला मात्र हा फरक पक्का ठाऊक असतो. साडीच्या दुकानात गादीवर बसल्या बसल्या चहा येतो. तुम्ही पाच साड्या दाखवा म्हणता, समोर चाळीस उलगडल्या जातात. आता एवढी मेहनत करायला लावून रिकाम्या हाताने कसं उठायचं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ मध्ये ‘इन्फ्लुअन्स’ या पुस्तकात या भावनेची फोड केली. कुणी आपल्याला काही दिलं, अगदी न मागता दिलं, तरी परतफेडीचं ओझं वाटतं. विक्रेता या ओझ्यावरच काम करतो. आपल्याकडे पुस्तकाची वाट न बघता म्हण तयार होती : भीड भिकेची बहीण.

दुसरी युक्ती पायरी-पायरीची. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर या संशोधकांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला होता. घरासमोर ‘सावकाश वाहन चालवा’ अशा आशयाचा मोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं थेट विचारलं तेव्हा साधारण १७ टक्के लोक हो म्हणाले. ज्यांनी आधी त्याच विषयाची एक छोटी पाटी लावायला होकार दिला होता, त्यांच्यात हे प्रमाण ७६ टक्क्यांपर्यंत गेलं. ६०० रुपयांचा स्टँड आधी का विकला जातो आणि १,७९९ रुपयांची वॉरंटी शेवटी का येते, याचं उत्तर या प्रयोगात आहे.

ॲपवर नियम, काउंटरवर काय?

ऑनलाइन खरेदीतल्या अशाच युक्त्यांना आता कायदेशीर नावं मिळाली आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली आणि त्यात १३ प्रकार नोंदवले. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, सारखं मागे लागणं, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं हे सगळं त्या यादीत आहे.

आता ही यादी हातात घेऊन धुळ्यातला तो प्रसंग पुन्हा वाचा. लेकीच्या सासरी कसं दिसेल, हे लाजवणंच झालं. नको म्हटल्यावरही चालू राहणं म्हणजे मागे लागणं. बिल फाडताना ४,२९९ रुपये वाढले, ती शेवटच्या पायरीवरची किंमतवाढ. ॲपमध्ये हे काम कोड करतं, दुकानात माणूस करतो. ही तत्त्वं मात्र डोळ्यासमोर ऑनलाइन मंच ठेवून लिहिली आहेत. काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला जुन्या, सर्वसाधारण कायद्याकडेच जावं लागतं.

मग तो कायदा ग्राहकाला काय देतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. निव्वळ आग्रह करणं हा त्यात गुन्हा नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं. पण आग्रह जेव्हा अट बनतो तेव्हा चित्र बदलतं. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, असं सांगणं ही या कायद्यानुसार प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा आहे. ‘वॉरंटी घेतली तर चांगलं’ हे चालतं. ‘वॉरंटीशिवाय या भावात फ्रिज मिळणार नाही’ असं म्हटलं की तक्रारीला जागा तयार होते.

खानदेशातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. युरियाची गोणी हवी तर सोबत अमुक सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी किंवा तमुक द्रवरूप खताची बाटली घ्या, याला सगळा महाराष्ट्र ‘लिंकिंग’ म्हणून ओळखतो. कृषी विभाग लिंकिंग करणाऱ्यांवर कारवाईचे इशारे देतो आणि दर खरिपाच्या तोंडावर तक्रारी पुन्हा येतात. या विद्यार्थ्याचे वडील शेतकरी. फ्रिजचा किस्सा ऐकून त्यांनी पहिला शब्द वापरला तो ‘लिंकिंग’च.

बाकीचे हक्कही माहीत असलेले बरे. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वस्तू सदोष निघाली तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ३० दिवसांत ती परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही भिंतीवरची पाटी सदोष मालाला लागू पडत नाही. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवलं होतं. हप्त्यांवर घेताना १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक किंवा वित्त कंपनीने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. प्रोसेसिंग फीसह कर्जाचा खरा वार्षिक दर त्यात दिसतो. ‘झीरो टक्के’ व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगून ठेवलंय.

एक मोठी उणीव मात्र आहे. वस्तू चांगली आहे, फक्त भिडेपोटी घेतली आणि घरी आल्यावर पश्चात्ताप झाला, तर दुकानातली खरेदी रद्द करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. युरोपीय संघात ऑनलाइन किंवा दारावर येऊन केलेल्या विक्रीसाठी १४ दिवसांची मुदत मिळते, अमेरिकेत दारावरच्या विक्रीला तीन दिवसांची. दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला मात्र तिथेही ही सवलत मिळत नाही. थोडक्यात, नाही म्हणायचं ते काउंटरवरच.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. खरेदी सुरतेला किंवा नाशिकला झाली असली तरी ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हा २०१९ च्या कायद्याने केलेला मोठा बदल. पिंपळनेरच्या माणसासाठी तो जिल्हा म्हणजे धुळे.

टार्गेट कुठून येतं?

विक्रेता मागे का लागतो, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा पगाराच्या पद्धतीत शोधावं, असं या विद्यार्थ्याचं म्हणणं. स्वतःला आलेली ऑफर त्याने वहीत मांडली. ८ हजार भागिले २६ दिवस म्हणजे दिवसाला ३०८ रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी होती ३१२ रुपये. दुकानात दहा तास उभं राहायचं, तेव्हा तासाला ३१ रुपयेसुद्धा पुरते पडत नाहीत. पिंपळनेर ते धुळे हे अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. रोज ये-जा शक्य नाही, म्हणजे खोली आणि मेसचा खर्च आला. तो वजा केला की ‘फिक्स’मधून घरी नेण्यासारखं फार काही उरत नाही.

आता दुसरी बाजू. महिन्याला ३० वॉरंट्या विकल्या तर वरचे ४,५०० रुपये मिळतील. सुट्टीच्या शेवटी शिल्लक पडेल ती हीच रक्कम. म्हणजे फी भरायची तर त्याला कामाच्या प्रत्येक दिवशी एक तरी ‘मावशी’ गाठून राजी करावी लागणार, आणि एखादा दिवस कोरडा गेला तर दुसऱ्या दिवशी दोन. आपण किती चांगले आहोत हा मुद्दा मग मागे पडतो, असं तो म्हणतो. २५ तारखेला २० वॉरंट्याच झाल्या असतील तर आपणही केबिनकडे बघत बोलायला लागू, याची त्याला खात्री आहे.

हे फक्त फ्रिज-टीव्हीच्या दुकानापुरतं नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो या बड्या बँकेत कर्मचाऱ्यांवर एकाच ग्राहकाला जास्तीत जास्त खाती आणि कार्डं विकण्याचं टार्गेट होतं. शेवटी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. त्याआधीच्या काही वर्षांत बँकेने या कारणावरून सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढलं होतं. त्यातले बहुतेक खालच्या पायरीवरचे होते. टार्गेट वरून आलं होतं, नोकऱ्या खाली गेल्या.

दुकानात आणखी एक गुंता असतो. कंपनीचा टी-शर्ट घातलेला ‘प्रमोटर’ बऱ्याचदा दुकानाचा नोकर नसतोच. त्याला ब्रँडने किंवा ब्रँडच्या एजन्सीने ठेवलेलं असतं. हप्त्यांचं टेबल वित्त कंपनीचं. गिऱ्हाइकाला वाटतं आपण एका दुकानाशी बोलतोय. प्रत्यक्षात तीन मालकांची तीन टार्गेटं त्याच्याभोवती उभी असतात. काम शोधणाऱ्यानेही हे ओळखलं पाहिजे, कारण पगार थकला तर दाद मागायची कुणाकडे, हे त्यावरच ठरतं.

काउंटरमागच्या मुलाला कायदा किती सांभाळतो?

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. मूळ कायद्यातली दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास आणि साप्ताहिक सुट्टीची कलमं १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या २० वर आणि दिवसाचे तास १० वर नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. पिंपळनेर, साक्री किंवा दहिवेलच्या बाजारपेठेत वीस नोकर असलेलं दुकान शोधावं लागेल. धुळ्याच्या आग्रा रोडवरही अनेक दुकानं चार-सहा पोरांवर चालतात. म्हणजे सुट्टीत काम करणारी बहुतेक मुलं जिथे लागतात, तिथे तासांचं कलम पोहोचतच नाही. या बदलावर चर्चा झाली ती बहुतांश उद्योगसुलभतेच्या अंगाने. तालुक्याच्या गावातल्या दुकानात उभ्या असलेल्या पोराचा विषय त्यात फारसा आला नाही.

वेतनाबाबत स्थिती बरी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनुसार किमान वेतनासाठी कामगारांच्या संख्येची अट नाही, आणि संहितेच्या व्याख्येत कमिशन हे वेतनात धरलेलं नाही. म्हणजे ‘कमिशन मिळतंय ना, मग पगार कमी चालेल’ हा युक्तिवाद टिकायला अवघड. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा. सुट्टीतल्या कामाला हा दुसरा नियम फार मोलाचा, कारण अशा नोकरीत शेवटचा पगारच अडकतो. पगारातून काय कापता येतं याची यादी संहितेत दिलेली आहे. टार्गेट गाठलं नाही, असं कारण त्या यादीत नाही. प्रत्यक्ष दर परिमंडळानुसार वेगळे असतात आणि विशेष भत्त्यामुळे सहा महिन्यांनी बदलतात. ताजा आकडा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मिळतो.

बारावीच्या मुलांसाठी नियम आणखी कडक आहेत. १४ वर्षांखालच्यांना दुकानात कामाला ठेवता येत नाही, कुटुंबाच्या व्यवसायात शाळा सांभाळून केलेली मदत हा अपवाद. १४ ते १८ वयातल्यांना धोकादायक कामाला लावता येत नाही. इतर कामातही सलग तीन तासांनंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला एकूण सहा तास, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. लग्नसराईतलं कापड दुकान संध्याकाळी सातनंतरच खरं भरतं. अकरावी-बारावीतली किती पोरं त्या वेळी गाद्यांवर साड्यांच्या घड्या घालत असतात, ते कुठल्याही बाजारात चक्कर मारली तरी दिसतं.

बसण्याचाही प्रश्न आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने सक्तीचं केलं. केरळमध्ये त्यासाठी कापड दुकानांतल्या बायकांना काही वर्षं लढावं लागलं होतं.

मग नोकरी धरण्याआधी काय विचारायचं?

खानदेशात याचा एक जुना नमुना आहे. आखाजीला सालदाराचं साल ठरतं. पैसे किती, धान्य किती, उचल किती, कपडे-चपला कुणाच्या, खाडे कसे धरायचे हे सगळं चार लोकांसमोर आधी बोलून होतं आणि मगच माणूस औताला हात लावतो. त्या व्यवस्थेत पिळवणूक नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पण ठराव आधी व्हायचा. शिकलेली पोरं मात्र ‘या सोमवारपासून, पगाराचं बघू’ एवढ्यावर कामाला लागतात, कारण विचारलं तर काम जाईल अशी भीती असते. इथेही भीडच आडवी येते.

या विद्यार्थ्याने वहीत प्रश्न लिहून काढले आहेत. कमिशन एकही मिळालं नाही तरी हातात किती येणार? टार्गेट हुकलं तर काय होतं, नुसतं बोलणं खावं लागतं की पगाराला हात लागतो? पगार दुकान देणार की एजन्सी? जेवायची सुट्टी किती? मधेच कॉलेजचा निकाल किंवा प्रवेशाचं काम निघालं तर खाडा कसा धरणार? यातलं जे ठरेल ते व्हॉट्सॲपवर मालकाला एका ओळीत पाठवून ठेवायचं. करारपत्र कुणी देणार नाही, पण पाठवलेला आणि ‘ठीक’ असं उत्तर आलेला मेसेज पुढे पुरावा म्हणून कामी येतो.

शेवटचा प्रश्न त्याने मित्रांच्या अनुभवावरून घातलाय : रुजू होण्याआधी आपल्याकडून पैसे मागतात का? नाशिक-पुण्यात ‘ऑफिस काम, पगार १८ हजार’ असं सांगून मुलांना बोलावलं जातं. चार दिवस टाय लावलेल्यांची भाषणं होतात. मग किट किंवा नोंदणीच्या नावाखाली काही हजार भरायला लावतात आणि काम असतं ते आणखी चार मित्र आणण्याचं. थेट विक्रीचे नियम २८ डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. पिरॅमिड योजनांना त्यात बंदी आहे, आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ पासून बंदीचा स्वतंत्र कायदा आहे. दारोदार जाणाऱ्या विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं आणि ग्राहकाच्या घरी आधी विचारल्याशिवाय जायचं नाही, असंही २०२१ चे नियम सांगतात. या सापळ्यात विकायचा माल म्हणजे मैत्री असते. फ्रिजवाल्या मुलाला निदान अनोळखी माणसाच्या मागे लागायचं होतं.

सरकारी योजनेतून काही मिळतं का?

सुट्टीपुरतं फारसं नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६ हजार आणि पदवीधरांना १० हजार विद्यावेतन आहे, पण शिक्षण चालू असलेल्यांना तिथे प्रवेश नाही. कॉलेजांमधली ‘कमवा व शिका’ मुख्यतः सत्र चालू असतानाची. एप्रिल-मे हा काळ दोन्हींच्या मधे पडतो.

पिंपळनेर परिसरात या महिन्यांत कामच नाही असं मात्र नाही. उन्हाळी कांदा निघत असतो, चाळी भरल्या जातात, व्यापाऱ्यांच्या खळ्यावर वजनं आणि पावत्या लिहायला, मोबाइलवर हिशेब ठेवायला लिहिता-वाचता येणारा पोरगा लागतो. सेलबारी घाट उतरून पलीकडे ताहाराबाद-सटाण्याकडे गेलं तरी कांद्याचंच काम. ऊन बेचाळीस-त्रेचाळीसचं, पाणी तोंडावर मारून काम करावं लागतं, आणि त्याच्या वर्गातल्या अनेकांना एसीच्या दुकानातलं काम त्यापेक्षा ‘स्टँडर्ड’ वाटतं. बायोडेटात कांद्याचं खळं लिहिता येत नाही, ही त्यांची अडचणही खोटी नाही.

या मुलाने धुळ्याच्या दुकानाला उलट विचारलंय : वॉरंटीचं कमिशन नको, टार्गेटही नको, महिन्याला ९,५०० रुपये सरळ द्या, गोदाम, डिलिव्हरीची नोंद, बिलिंग यातलं काहीही करतो. दोन दिवसांत कळवतो असं मालक म्हणाला, त्याला आता आठवडा झाला. तोवर घराजवळच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे त्याने वजनं लिहायला सुरुवात केली आहे. तिथे रोजाने पैसे मिळतात, संध्याकाळी हातात.

बहिणीचा फ्रिज तिच्या सासरी व्यवस्थित चालू आहे. १,७९९ रुपयांच्या वाढीव वॉरंटीचा कागद पिंपळनेरला आईच्या ट्रंकेत आहे, तिच्याच नावावर. त्यावरचा मोबाइल नंबरही तिचाच, आणि त्या नंबरवर दर आठवड्याला एसी घेण्यासाठी फोन येतो.